टेबलं माझी, रेघा तिच्या

मला मदत केली ती देवरीकडच्या एका मुलीनं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बीएस्सी झालेली, आणि माझ्याच ऑफिसात माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसणारी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जवळजवळ प्रत्येक पानावर मी तिच्यावर जळताना दिसेन. वाचणाऱ्याला वाटायचं, हिनं याचं काहीतरी वाकडं केलं असणार. तसं काही नाही. वाकडं वागलो तो मी.

मी सोलापूरकडचा. शाळा नववीत सुटली. वडील अंथरुणाला लागले, चुलत्यानं मला माती खोदायच्या मशीनवर नेलं, आणि परत वर्गात जायचं राहून गेलं ते गेलंच. पुढं मशीन चालवायला लागलो आणि त्या मशीनबरोबरच गोंदिया जिल्ह्यात आलो. आमच्याकडं पाणी म्हणजे खोल विहिरीच्या तळाशी दिसणारा आरसा. इथं गावागणिक तलाव. शेतकऱ्यांच्याच वाडवडिलांनी हातानं बांधलेले, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली चौकोनी शेतं. त्या तलावांत साचलेला गाळ काढायचं काम होतं. दोन उन्हाळे काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात मशीनवरून उतरताना पाय निसटला, घोटा मोडला आणि नीट बसलाच नाही. हे काम काढणाऱ्या संस्थेचे साहेब गोंदिया शहरातले, अर्धं बोलणं हिंदीत. म्हणाले, "आता घरी जाऊन काय करशील? बैठ इधर. टायपिंग शिक."

असा मी खुर्चीवर आलो. सडक अर्जुनीत हायवेला लागून, हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. ट्रक गेला की कॉम्प्युटरचा पडदा थरथरतो. गावोगाव फिरून भरलेले कागदी फॉर्म यायचे, ते मी दोन बोटांनी कॉम्प्युटरवर चढवायचो. तीन वर्षांत तीन मोठी टेबलं तयार झाली. एक गावांचं, एक तलावांचं, एक बांध्यांचं. बायको-मुलीला इकडंच आणलं. मुलगी इथल्या शाळेत गेली आणि सहा महिन्यांत इथली झाली. कॉम्प्युटरचं काय येतं असं कुणी विचारलं असतं तर मला टायपिंगपलीकडं काही सांगता आलं नसतं. पण ती टेबलं माझी होती. त्यातल्या एकेका ओळीला मी हात लावलेला होता.

दिवाळीनंतर शेजारच्या देवरी तालुक्यातून ती मुलगी आली. आणि नवीन वर्ष लागताच साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं, "मार्चनंतर कॉम्प्युटरवर एकच माणूस. मंजुरी एकाचीच आली आहे. देखते हैं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच मला कळलं.

जानेवारीतच एक दिवस तिनं नवीन सॉफ्टवेअर उघडलं, माझी तिन्ही टेबलं त्यात ओढून घेतली आणि एका कोपऱ्यातलं चित्र दाबलं. पडद्यावर तीन डबे आले. प्रत्येक डब्यावर नाव, आत खान्यांची यादी, आणि डब्यांना डबे जोडणाऱ्या रेघा. रेघेच्या एका टोकाला एकचा आकडा, दुसऱ्या टोकाला चांदणी, मध्ये बारका बाण.

"हा मॉडेल व्ह्यू," ती म्हणाली. "कोणतं टेबल कोणाशी कसं जोडलेलं आहे, ते इथं दिसते."

साहेब उठून मागं येऊन उभे राहिले. "अरे वा! ये तो पूरा नक्शा है! इतके दिवस आपण आंधळेच होतो यार."

इतके दिवस म्हणजे माझे दिवस. मी माझ्या खुर्चीवरूनच मान लांब करून पाहिलं. डब्यांत नावं माझीच होती. 'बांध्या' असं मी लिहिलेलं, 'तलावाचे गाव' असं मी लिहिलेलं. एका खान्याच्या नावामागं माझ्याच हातून जास्तीचं टिंब पडलं होतं, तेही तसंच होतं. तीन वर्षं विटा मी वाहिल्या आणि हिनं येऊन वरून दोन दोऱ्या बांधल्या, तर घर हिचं झालं. जेवणाचा डबा तसाच परत नेला. बायकोला म्हटलं, भूक नव्हती.

त्या दिवसापासून मी तिला मॅडम म्हणायला लागलो. मान द्यायचा म्हणून नाही. टोचावं म्हणून.

"मले मॅडम काऊन म्हणता जी?" ती एकदा म्हणाली. "मी तुमच्यापेक्षा किती लहान आहो."

"मोठ्या कामाची माणसं म्हंजी मॅडमच की."

ती हसली. तिला टोचलंच नाही. त्याचाही राग आला.

दुपारी ती घरचा फोन घ्यायला खाली जायची. तेवढ्या वेळात मी तिच्या खुर्चीवर बसून ते चित्र उघडायचो. अक्षरं इंग्रजी, एकेक जुळवत वाचायची. पहिल्यांदा एक डबा चुकून माऊसबरोबर सरकला. वाटलं, रेघ तुटली, सगळं मोडलं, आता नाव माझं. तो डबा होता तिथं परत बसवायला गेलो तर तो दुसरीकडंच जायला लागला. मागून आवाज आला.

"सरकवा ना जी, बिनधास्त सरकवा. डबा कुठंही नेला तरी रेघ मागं मागं येते."

मी उठायला लागलो. तिनं खुर्ची ओढली, शेजारी बसली. "आता रेघेवर दाबा एकदा. पाहा, दोन्हीकडचा कोणता खाना जुळला आहे ते उजळते. इकडं एक, म्हणजे गाव एकदाच येते. तिकडं चांदणी, म्हणजे तेच गाव तलावांच्या यादीत कितीकदाही येऊ शकते. एका गावात दोन मोठे तलाव, चार लहान बोड्या, असं."

"म्हाईत हाय मला," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"माहीत आहे त मंग चांगलं," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. एवढं सोपं होतं तिला. रेघ ओढणं सोपं, शिकवणं सोपं, कुणी तुसडेपणा केला तर तो अंगावरून सोडून देणंही सोपं. मी घरी गेलो तर मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमी रोज रोज काऊन चिडून राहिले?" तिच्या तोंडून देवरीचीच बोली ऐकली आणि तिच्यावरही ओरडलो. ती बिचारी चौथीत.

पण चोरून बघायचं सोडलं नाही. रोज थोडं. रोज एका रेघेवर दाबायचं, उजळलेले खाने वाचायचे. हळूहळू ते चित्र मला वाचता यायला लागलं, आणि फेब्रुवारीत एका दुपारी त्यातली चूक दिसली.

दोन्ही रेघा गावाच्या डब्यातून निघत होत्या. एक तलावाकडं, एक बांध्यांकडं. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी, तलाव ज्या गावाच्या हद्दीत, पाणी त्याच गावाच्या बांध्यांना. ज्या गावाला स्वतःचा तलाव नाही, त्याला पाणीच नाही.

आणि मी तर त्या तलावांवर दोन उन्हाळे काढलेला माणूस. एका ठिकाणी आमची मशीन लागली होती. वरच्या गावाच्या हद्दीत तलाव, पण पाणी तीन गावांना: वरच्याला, खालच्याला आणि शेजारच्या एका गावाला, ज्याला स्वतःचाही तलाव होता. खालच्या गावात तलाव नाही, बोडीसुद्धा नाही. पावसाळ्याआधी एक दिवस खालच्या गावातल्या प्रत्येक घरातलं एक माणूस कुदळ-घमेलं घेऊन वर येतं आणि तलावाचा मातीचा बांध, इकडं त्याला पार म्हणतात, ती दुरुस्त करतं. मजुरी नाही, कागद नाही. जेवण आपलं आपण आणायचं आणि पारीवर बसून सगळ्यांनी मिळून खायचं. त्या एका दिवसाच्या बदल्यात पहिली पाळी खालच्या गावाची. तूड उघडली, म्हणजे तलावाचं पाणी सोडलं, की आधी त्यांच्या बांध्या भरतात, मग वरच्यांच्या. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी मशीन बंद ठेवून मीही त्यांच्यात जेवलो होतो. भाताबरोबर कसलीशी पालेभाजी होती, कडू, आणि वाढणारा म्हातारा "सोलापूरवाल्याले आणखी द्या" म्हणत होता.

तिच्या चित्रात तलावापासून त्या गावाच्या बांध्यांकडं जाणारी वाटच नव्हती. मी बोट ठेवून तीनदा पाहिलं.

आणि चूक तिच्या रेघेची दिसत असली तरी तिचं मूळ माझ्याकडं होतं. कागदी फॉर्मवर एक ओळ होती: 'या तलावाचे पाणी कोणत्या गावांना?' माणसांनी तिथं दोन-तीन गावं लिहिलेली असायची. सुरुवातीला मी ती सगळी एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन लिहायचो. साहेब चिडले होते, "एका खान्यात एकच नाव! कितनी बार बोलूं?" त्यांचं बरोबरच होतं. पण बाकीच्या गावांसाठी काय करायचं ते मी विचारलं नाही. नववी शिकलेला माणूस किती वेळा विचारणार? मी पहिलं नाव ठेवलं आणि बाकीची गाळली. पहिलं नाव बहुतेक वेळा ज्या गावात तलाव, त्याचंच असायचं. तीन वर्षं गाळत गेलो. टेबल स्वच्छ दिसायचं. साहेब खूश, मी खूश.

आता ते तिला सांगायचं की नाही? खरं सांगतो, माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. एक, सांगितलं तर माझी चूक उघडी पडेल. दुसरी, नाही सांगितलं तर तिची उघडी पडेल, आणि तीही लोकांसमोर. कारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच तलावाबद्दल, वरच्या गावात, वरच्या-खालच्या दोन्ही गावांची बैठक ठरलेली होती. पुढच्या कामात कोणाचे पाट दुरुस्त होणार, गाळ कोणाच्या शेतात जाणार, ते तिच्या रिपोर्टवरून ठरायचं होतं. मी पडदा बंद केला आणि गप्प बसलो. पंधरा दिवस गप्प बसलो. रोज ती विचारायची, "भाऊ, काही चुकलं असन त सांगा जी," आणि मी म्हणायचो, "आमाला काय कळतंय त्यातलं."

बैठक वरच्या गावच्या समाजमंदिरात, सकाळी. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, भिंतीवर चादर टांगली. साहेब पुढं, ती लॅपटॉपजवळ, मी मागं दाराशी. तिनं रिपोर्ट लावला. गावांची नावं, पुढं पट्ट्या. वरच्या गावाची पट्टी लांबच लांब. खालच्या गावापुढं काहीच नाही. पांढरं.

मग खालच्या गावचा तो म्हातारा उभा राहिला. पारीवर मला भाजी वाढणारा.

"काऊन वं पोरी, आमचं गाव मेलं का तुह्या टीव्हीत?"

लोक हसले. ती म्हणाली, "बाबाजी, तलावाचं पाणी ज्या गावाले..."

"तलावाचं पाणी मले नको सांगू. तू देवरीची ना? तुमच्याकडं धान का आभाळात पिकते? माहा आजा पारीवर माती टाकत होता, माहा बाप टाकत होता, मी टाकून राहिलो. अन् आमाले पाणी नाही म्हणते!"

तोवर वरच्या गावचा एकजण, चाळिशीतला, हात वर करून उभा राहिला होता. "काकाजी, चिडता कायले? आता तर कॉम्प्युटर पण म्हणून राहिला, पाणी आमचं आहे. सायबांनी लिहून घ्या. पुढच्या साली पहिली पाळी आमची."

तेव्हा हसणं थांबलं. खालच्या गावची माणसं एकेक करून उठायला लागली. मला वाटलं होतं, तिची फजिती होईल. एवढंच हवं होतं मला. एका माणसाची फजिती व्हावी म्हणून मी दोन गावांच्या मध्ये काडी टाकून बसलो होतो, हे तिथं दाराशी उभं असताना कळलं. घोट्यातून कळ आली तसा मी चौकटीला टेकलो.

तिच्याजवळ फॉर्मांची फाइल होती. तिनं या तलावाचा फॉर्म काढला, खिडकीची सतरंजी थोडी सारून वाचला. मग लॅपटॉपवर माझं टेबल उघडलं. कागदावर तीन गावं, टेबलात एक. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात 'चढवले' असं लिहून माझी सही होती. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. आता ती सगळ्यांसमोर माझं नाव घेणार, साहेब ऐकणार, आणि झालं. मुलीचा शाळेचा दाखला कसा काढायचा इथपर्यंत माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"चूक माही आहे," ती म्हणाली. "रेघ मी जोडली. पाणी कुठून कुठं जाते, ते कोणाले विचारलंच नाही. बाबाजी, बसा जी. माफ करा." मग तिथूनच मला हाक मारली. "भाऊ, तुमी इथं मशीन चालवली ना? इकडं या. तुमी सांगा बरं."

मी लंगडत पुढं गेलो. काय सांगू? मी म्हणालो, "म्या बघितलंय. पार खालच्या गावानं नीट केली. त्या दिशी मी त्यांच्यात जेवलोय. पयली पाळी त्येंची."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "अरे बाप्पा! हा तर सोलापूरवाला. ह्यानं तर तीनदा भात घेतला होता." आणि वरच्या गावच्या माणसाकडं वळून, "पाह्य लेका, परदेशी माणसाले समजते, तुले नाही समजत."

वरचा माणूस ओशाळून बसला. त्याच्याच गावच्या एका बाईनं मागून सुनावलं, "बस ना आता, लई झाला तुहा कॉम्प्युटर."

मग मी एक कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली. डावीकडं तलाव, उजवीकडं गाव. एकच तलाव तीनदा लिहिला, समोर तीन गावं. लोकांनी आसपासचेही सांगायला सुरुवात केली. कोणत्या तलावाचं कुठं जातं, कोणत्या गावाला दोन तलावांचं मिळतं. कागद भरला, दुसरा घेतला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. हळूच म्हणाली, "हेच टेबल पायजे होतं जी. हेच नव्हतं आपल्याजवळ."

ऑफिसात परत आल्यावर ते टेबल मी चढवलं. एका ओळीत एक तलाव, एक गाव. खान्यात एकच नाव, आणि तरी कुणी गळालं नाही. तिनं गाव आणि तलाव यांच्यातली जुनी रेघ पुसली, नवा डबा मध्ये ठेवला. तलावाकडून एक रेघ तिनं आणली. "दुसरी तुमी ओढा," म्हणाली. मी गावाचा खाना धरला आणि ओढत नव्या डब्यातल्या गावावर सोडला. गावाकडं एक, माझ्या डब्याकडं चांदणी. बाण कोणत्या बाजूनं जाऊ द्यायचा, तेही तिनं दाखवलं. रिपोर्ट लावला तर खालच्या गावापुढं पट्टी उभी राहिली.

साहेब तेव्हा बाहेर होते. आम्ही दोघंच. तिनं विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुमाले आधी दिसलं होतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

तिनं पुढं काही विचारलं नाही. साहेबांना तिनं जो कागद दिला, त्यावर टेबलं कुणी केली तिथं पहिलं नाव माझं घातलं आणि खाली लिहिलं की हे टेबल दरवर्षी गावात जाऊन तपासावं लागेल, आणि ते काम माझ्याशिवाय होणार नाही. साहेबांनी तो कागद वर पाठवला. एप्रिलमध्ये दुसऱ्या जागेची मंजुरी आली, एका वर्षापुरती. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मुलगी पाचवीत गेली.

लोकांना वाटतं, एवढं झाल्यावर माझं जळणं थांबलं असेल. नाही थांबलं. आता ती काहीतरी नवीन शिकते, साहेब मागं उभे राहतात, आणि मी तसाच जळतो. उलट वाढलंच आहे. आधी तिच्या शिक्षणावर जळायचो. आता तिनं त्या समाजमंदिरात जे तीन शब्द उच्चारले त्यांच्यावर जळतो. चूक माही आहे. तिची नसलेली चूक तिला म्हणता आली. माझी असलेली मला अजून म्हणता येत नाही. तिला मी आता मॅडम म्हणत नाही, ताई म्हणतो, आणि प्रत्येक वेळी ताई म्हणताना ते 'न्हाई' मध्ये येऊन उभं राहतं.

ते मी परत घेणार आहे. जागा एक वर्षाची असो की कायमची, कधीतरी एक दिवस साहेबांना बोलावून, तिच्यासमोर उभा राहून सांगणार आहे की दिसलं होतं, पंधरा दिवस आधी दिसलं होतं, आणि गावं मीच गाळली होती. ऐकून साहेब जे करतील ते करोत. तिचं देणं मी दुसऱ्या कशानं फेडू शकत नाही. आजच का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच आहे की अजून भीती वाटते. पण फेडणार. हे इथं लिहून ठेवलं आहे, म्हणजे मला पळता येणार नाही.